पांढरे चौकोन

५ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. म्हणजे परवा नव्हतं, आज आहे. फोन सोडून हिने कागद का काढला, असं म्हणशील. आपलं दोन खोल्यांचं घर तुला माहीत आहे. फोन या खोलीत केला काय नि त्या खोलीत केला काय, शब्द न् शब्द बाबांच्या कानावर पडतो, आणि त्यांच्याबद्दल त्यांच्याच देखत बोलायला माझी जीभ रेटत नाही. मोबाईलवर लिहावं, तर संध्याकाळी ते शेजारी येऊन बसतात आणि स्क्रीनवर जे येईल ते मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून हे दुकानातून लिहिते आहे, कपडे घेण्या-देण्याच्या मधल्या वेळात. तूही उत्तर ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या पत्त्यावरच टाक.

परवा बाबा हरवले. दुपारी मी जेवायला घरी गेले तर दार सताड उघडं, चपला जाग्यावर नाहीत आणि खुंटीवरची त्यांची कापडी पिशवीही नाही. सगळा परिसर पालथा घातला. अखेर पुलापलीकडच्या बेकरीत सापडले. बेकरीवालीने त्यांना खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, पण घर कुठे विचारलं की ते एकच सांगत होते, "गिऱ्हाइकाचा कोट द्यायचाय, उशीर झालाय." पिशवीत कोट नव्हता, माझा जुना स्वेटर होता. मला बघून म्हणाले, "बरी आलीस. या लोकांनी रस्ते बदललेत, आणि कळवायची पद्धत नाही." बेकरीवाली हसली, मीही हसले. घरी येऊन न्हाणीत नळ सोडून रडले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की हे होणार. तेव्हा मी शहाण्यासारखी मान डोलावली होती. आता बघ, ज्या माणसाने आयुष्यभर आमच्या दुकानाच्या खिडकीत बसून लोकांचे कपडे रफू केले, बोटाएवढं भोक असं बुजवलं की मालकालाच सापडू नये, त्याला स्वतःचं दार सापडत नाही.

उपाय काय करू? बाहेरून कुलूप लावून जाणं मला जमणार नाही, तो माणूस आहे, सामान नाही. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली, तर ती काढून वाचली आणि मला विचारलं, "घर विसरायला मी काय कुकुलं बाळ आहे?" मग काल दिवसभर अबोला. त्यांचं विसरणं त्यांच्या तोंडावर बोलायचं नाही, हे आपण दोघांनी ठरवलंय ना? मग तूच काही सुचव. जगाच्या शर्टांना लेबलं लावतोस, आपल्या बापाला एखादं लाव.

तुझी ताई


१४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचलं आणि ताट तसंच ठेवून उठलो. तू मारलास टोमणा, पण मार्ग त्यातूनच निघाला.

सोबत पाच लेबलं पाठवतो आहे. छापलेली नाहीत, विणलेली आहेत, हात लावून बघ. हल्ली शर्टांच्या मोठ्या कंपन्या आमच्याकडून क्यूआर कोड विणून घेतात. गिऱ्हाइकाने त्यावर फोन धरला की कपडा कसा धुवायचा ते त्याला वाचता येतं. साहेबांची परवानगी काढून, पाळी संपल्यावर, मी आपला एक कोड बनवला आणि मागावर चढवला. काड्यापेटीएवढा तुकडा, पांढऱ्यावर काळे चौकोन.

वापरायचं असं: फोनचा कॅमेरा उघडायचा, लेबल अख्खं दिसेल असा वीतभर वर धरायचा, हात हलवायचा नाही. पिवळी चौकट येते, खाली एक ओळ येते, तिच्यावर बोट ठेवलं की पान उघडतं. त्यावर लिहिलंय, "हे आमचे वडील आहेत. घरचा रस्ता विसरले असतील. कृपया त्यांना बसवून ठेवा आणि या नंबरवर फोन करा." खाली तुझा नंबर. आजकाल शाळकरी पोरंसुद्धा दिसेल त्या कोडवर फोन धरतात, तेव्हा कुणी ना कुणी धरेलच.

सरळ नंबरच विणावा असं आधी वाटलं होतं. पण बाबा दिसेल ते वाचतात, आणि छातीवर असं काही वाचलं तर शर्ट अंगातून काढून फेकतील. हे फक्त फोनला वाचता येतं, त्यांना नाही. हीच तर यातली गंमत आहे. विचारलं तर सांग, कंपनीचं लेबल आहे, सध्याची फॅशन आहे.

खिशाच्या वर, बाहेरून, सपाट शिव. थोडं मळलं, एखादा कोपरा फाटला, तरी फोन सांभाळून घेतो. फक्त काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं राहिलं पाहिजे.

यायचं म्हणत होतो, पण मार्चपर्यंत इथे मान वर करायला फुरसत नाही.

धाकटा


२७ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

शंभर वर्षांचा हो. लेबल चाललं.

पण आधी शिवण्याची कथा ऐक. मी रविवारी बसून चार शर्टांना आणि त्यांच्या राखाडी कोटाला लेबलं लावली. बाबा समोर बसून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "हे शिवलंस की टोचलंस?" म्हणाले आणि माझ्या हातातून शर्ट ओढून घेतला. माझे सगळे टाके उसवले आणि स्वतः पुन्हा लावून दिले. हात अजून तसाच आहे रे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण सुई बोटांत आली की बोटांना सगळं आठवतं.

मग लेबल खिडकीशी नेऊन बराच वेळ निरखत राहिले. विचारलं, "हे विणलंय कुणी?" मी म्हटलं, "तुमच्या लेकाने, त्याच्या कारखान्यात." "त्यानेच?" "त्यानेच." त्यावर नुसतं "हं" केलं. फॅशन आहे वगैरे मी सांगून टाकलं. खोटं बोलताना माझे कान लाल होतात हे त्यांना पूर्वी लगेच कळायचं. आता कळत नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

आता खरी बातमी. मंगळवारी दुपारी दुकानात असताना अनोळखी नंबरवरून फोन. एक मुलगी बोलत होती, मोठ्या चौकातल्या औषधाच्या दुकानातली. "काका इथे आलेत, मी त्यांच्या शर्टावरचा कोड स्कॅन केला, तर तुमचा नंबर आला." मी एप्रनसकट धावत गेले. बाबा तिथल्या बाकावर मजेत बसले होते. मला विचारलं, "तू इथे कशी?" म्हटलं, "सहज चालले होते." "छान," म्हणाले, "सोबतच जाऊ."

येताना त्यांचा हात धरून चालले. लहानपणी ते आपल्याला शाळेत न्यायचे तसा. आता रोज दुकानात कामात लक्ष लागतं. दर रविवारी मी सगळ्या लेबलांवर फोन धरून बघणार आहे.

तुझी ताई


९ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र कारखान्यात चार जणांना वाचून दाखवलं. साहेबांनी पाठ थोपटली. एरवी आमच्या लेबलाकडे कुणी बघत नाही, मानेला टोचतं म्हणून कापून टाकतात. आपल्या हातच्या लेबलाने कुणी घरी पोचलं, हे पहिल्यांदाच.

परवा तू दुकानात असताना बाबांचा फोन आला होता. घरातल्या त्या मोठ्या बटणांच्या फोनवर माझा फोटो लावून दिलास ते बरं केलंस. पण बोलणं मात्र भलतंच. म्हणे, "तुझ्या मागाचे धागे तुटतायत रे. जागोजागी पांढरं उघडं पडतंय." मी म्हटलं, "बरं बाबा." माग त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाल, आता भासही व्हायला लागलेत बहुतेक. इतक्या प्रेमाने बोलत होते, म्हणून हो ला हो केलं.

थंडी वाढली असेल, त्यांना कोट घालत जा. कोटावरही लेबल आहेच.

धाकटा


२२ डिसेंबर

धाकट्या,

तुझ्या लेबलांनी दगा दिला. गेल्या रविवारी फोन धरला तर निळ्या शर्टाचं लेबल वाचेना. या रविवारी तीन शर्टांची वाचेनात, आणि कोटाचंही नाही. फोन पुसला, उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला. पिवळी चौकट येतच नाही. बघावं तर पांढरं जवळजवळ सगळं काळं झालंय. तुझा काळा धागा रंग सोडतो, दुसरं काय? जन्म कपडे धुण्याच्या दुकानात गेला माझा, रंग गेलेला कपडा मला कुणी शिकवायला नको. जगाला चांगला माल आणि घरच्यांना उरलासुरला, असं केलंस का?

बाकी बाबा शांत आहेत. हल्ली बाहेरही फारसे जात नाहीत. भिंग आणि सुयांचा डबा मीच माळ्यावरून काढून दिला, म्हटलं हात गुंतलेला बरा. दिवसभर खिडकीशी मांडीवर कपडे घेऊन काहीतरी करत असतात. संध्याकाळी मी आले की नीट घडी घालून ठेवतात आणि गिऱ्हाइकाचं काम झाल्यासारखे खूश दिसतात. काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणतात, "दिसलं तर ते काम कसलं?" मी फार खोलात जात नाही.

चांगली लेबलं पाठव.

ताई


२ जानेवारी

ताई,

आमचा धागा रंग सोडत नाही. उकळत्या पाण्यात तास तास ठेवून तपासतो आम्ही. आणि रंग गेला तर कडा धुरकट होतात, पांढरं भरून काळं होत नाही. तू दुकानातल्या काळ्या कोटांबरोबर बाबांचे शर्ट मशिनीत टाकत असणार, दोन खेपा वाचवायला. खोटं असेल तर सांग. मी पाळी संपल्यावर उभं राहून विणायचं आणि तू त्याची वाट लावायची, आणि वर मालात खोट काढायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

सहा नवीन पाठवतो आहे. गार पाण्यात, हाताने, वेगळे धू. एवढंही होत नसेल तर बाबांना कुठेतरी ठेवायचा विचार करावा लागेल, आणि तोही मलाच करावा लागेल.

जुन्यापैकी एक उसवून माझ्याकडे पाठव. मी भिंगाखाली बघतो आणि सांगतो काय झालंय ते.

धाकटा


८ जानेवारी

नवीन लेबलं मिळाली. शिवली.

जुनं पाठवणार नाही. तुझ्या चौकशीसाठी कपडे उसवत बसायला मला वेळ नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. गार पाण्यात, हाताने, वेगळे धुवायला तू ये. बाबांना कुठे ठेवायचं तेही तेव्हाच बोलू, त्यांच्यासमोर.

ताई


४ फेब्रुवारी

धाकट्या,

परवा फोनवर तुला एवढंच म्हणाले की बाबा दवाखान्यात आहेत, मांडीचं हाड मोडलंय, जिवाला धोका नाही. त्याहून जास्त बोलवलं नाही. आता सगळं लिहिते. कुणावर रागावून लिहीत नाही. तसा राग उरलेला नाही.

रविवारी मी घरीच होते. आंघोळीला गेले, तेवढ्यात ते निघाले. अंगात राखाडी कोट, हातात पिशवी. बसमध्ये बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत, म्हणजे डेपोपर्यंत गेले. तिथल्या वॉचमनने त्यांना आत बसवलं. मी नंतर त्याला भेटले. भला माणूस आहे. म्हणाला, "ताई, कोटावर कोड दिसला म्हणून मी लगेच फोन काढला. नाही झालं. मग कंडक्टरने बघितलं. तिकिटाच्या रांगेतल्या एका मुलीने तर खाली बसून, कोट ताणून धरून बघितलं. ती म्हणाली, हा कोड नाहीच, नुसती काळी पट्टी आहे." बाबा त्या मुलीला म्हणाले, "बघ ना, नीट बघ. काही सापडतंय का?" आणि हसत होते म्हणे.

वॉचमन पोलिसांना कळवायला आत गेला, तेवढ्यात बाबा उठले. डेपोच्या फलाटाची पायरी त्यांना दिसली नाही. तिथेच पडले.

मी तोवर पुलापर्यंत, बेकरीपर्यंत, औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आले होते. हातात फोन घट्ट धरून फिरत होते, आता वाजेल, मग वाजेल म्हणून. नवीन लेबलं शिवल्यावर दर रविवारचं तपासणं मी रागाने सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस चौकीतून दवाखान्याचा पत्ता मिळाला. त्यांच्या खाटेवर नावाच्या जागी "अनोळखी पुरुष" लिहिलं होतं. रात्रभर माझा बाप तिथे अनोळखी पुरुष होता. मला बघून त्यांनी ओळखलं नाही, पण सभ्यपणे विचारलं, "आपला कोट तयार झाला का?"

नर्सने कपड्यांची पिशवी दिली. काल ती घेऊन दुकानात आले, तो कोट तपासणीच्या टेबलावर दिव्याखाली टाकला. तुला लिहून दाखवायचं होतं की बघ, तुझा नवीन मालही काळा पडला, गार पाण्यात धुऊनसुद्धा. म्हणून लेबल उसवलं आणि उलटं केलं.

उलट्या बाजूला धाग्यांची बारीक शेपटं होती. ओळीने, एकासारखं एक. सुलट बाजू माणसाला फसवते, उलट बाजू नाही, असं कोण म्हणायचं ते तुला सांगायला नको. भिंग घेतलं. प्रत्येक पांढरा चौकोन रफू केलेला होता, धाकट्या. एक धागा वर, एक खाली, तुझ्या मागाच्या विणीला वीण जोडून. आपल्या जुन्या काळ्या मोज्याचा धागा काढून घेतलेला. तुझ्या मागाने कुठे सोडलं आणि बाबांनी कुठे धरलं, ते सुलट बाजूने मलाही दिसेना.

रंग गेला नव्हता. तू म्हणालास ते खरं होतं. पांढरी भोकं पडली आहेत असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ती बुजवली. जुनी सगळी बुजवली, आणि तू सहा नवीन पाठवलीस तीही बुजवायला घेतली.

मी रोज या टेबलावर रफू तपासते. तोच माझा पगार आहे. आणि घरातला रफू मला दोन महिने दिसला नाही, कारण मी लेबलावर फोन धरत होते, नजर धरली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तू एक लेबल मागितलं होतंस. पाठवलं असतं तर तुला एका दिवसात कळलं असतं. मी रागाने नाही पाठवलं. आता सोबत पाठवते आहे. बैल गेला नि झोपा केला.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

लेबल मिळालं. आधी सवयीने फोन धरला. फोन नुसता बघत बसला. मग उलटं केलं आणि भिंगाखाली घातलं. साहेबांना दाखवलं, त्यांनी विचारलं, "हे कुठल्या मशिनीचं काम?" मी लेबल खिशात घातलं.

माझं ९ डिसेंबरचं पत्र तुझ्याकडे असेल. पुन्हा वाचू नकोस. त्यात बाबांच्या फोनबद्दल लिहिलंय, पण अर्धंच. उरलेलं लिहायची तेव्हा गरज वाटली नव्हती. धागे तुटतायत म्हटल्यावर ते पुढे म्हणाले होते, "माल असा गेला तर तुझं नाव खराब होईल. तुझ्या मालकाला कळायच्या आत मी बुजवतो. माझ्या हातात आलेत तेवढे तरी बुजवतो. तू घाबरू नकोस." आणि मी तेव्हा कँटीनमध्ये होतो, फोन स्पीकरवर होता. टेबलावरचे सगळे ऐकत होते. एकजण म्हणाला, तुझा बाप मालकाला घाबरतो वाटतं, आणि सगळे हसले. मीही हसलो. मग म्हटलं, "हो बाबा, बुजवा, छान होईल." बुजवा म्हटलं मी, ताई. माझ्या तोंडाने म्हटलं.

त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. काय दिसतंय, काय करणार, कशासाठी करणार. एवढं सरळ तर शहाणी माणसंही सांगत नाहीत. मी ते भास म्हणून खपवलं, कारण त्यांनी काही खरं सांगितलं असेल हे ऐकायची मी तयारीच सोडून दिली होती. आणि पाळी संपल्यावर उभा राहिलो म्हणून तुला ऐकवलं. मी उभा राहिलो, आणि ते त्या खिडकीत किती दिवस बसले असतील, एकेक चौकोन भरत.

आणखी एक गोष्ट झोपू देत नाही. मी मुद्दाम असं काही शोधलं की जे जगातल्या कुठल्याही पोराला वाचता येईल आणि फक्त आपल्या बापाला येणार नाही. गंमत आहे, असं लिहिलं होतं तुला. त्यांच्या छातीवर त्यांच्याबद्दलच लिहिलं आणि त्यांच्यापासूनच लपवलं. त्यांना ते फाटकं दिसलं तर चूक कुणाची?

रजा मागितली नाही, येतोय म्हणून सांगितलं. शनिवारी निघतो.

तुझा धाकटा


३ मार्च

प्रिय धाकट्या,

नीट पोचलास हे कळलं. चार दिवस राहिलास, दवाखान्यातून घरी आणलेल्या बाबांचं सगळं केलंस, कूस बदलण्यापासून नखं कापण्यापर्यंत. ते तुला गिऱ्हाईक समजत राहिले आणि तू तसाच वागत राहिलास. "कोट परवा देतो," म्हणाले की तू "सावकाश द्या" म्हणायचास. तू जिन्यात जाऊन रडायचास ते मला ऐकू येत होतं. आपलं घर किती मोठं ते तुला माहीत आहे.

हे पत्र लिहावं की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं. तुला वाईट वाटेल. पण आता आपल्यात काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय, लपवण्याची फळं बघितली आपण.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा जागे झाले आणि मला माझ्या नावाने हाक मारली. कितीतरी दिवसांनी. म्हणाले, "धाकटा आला नाही का गं?" म्हटलं, "कालच गेला." "मला का नाही उठवलं?" म्हणाले, आणि खरंच रुसले.

असं स्वच्छ आभाळ पुन्हा कधी मिळेल माहीत नाही, म्हणून मी त्यांच्या उशाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. तुम्हाला विसरायचा आजार आहे. तुम्ही घरचा रस्ता चुकता. म्हणून धाकट्याने ते लेबल विणलं, त्यातली पांढरी भोकं नव्हती, तेच अक्षर होतं, फोनला वाचता येणारं. कोटावरून काढलेलं लेबल तू जाताना परत ठेवून गेला होतास, ते त्यांच्या हातात दिलं. खुंटीवरचा पांढरा शर्ट काढला. त्याच्या लेबलात सुई अजून तशीच टोचून ठेवलेली आहे, दोन-चारच चौकोन भरलेले आहेत त्यातले. त्यावर फोन धरून दाखवला. चौकट आली, पान उघडलं. मी वाचून दाखवलं, "हे आमचे वडील आहेत. घरचा रस्ता विसरले असतील."

मला वाटलं चिडतील, अबोला धरतील. तसं काही केलं नाही. फोन हातात घेऊन ते पान त्यांनी स्वतः पुन्हा वाचलं, हळूहळू, शेवटच्या नंबरापर्यंत. मग म्हणाले, "विसरतो हे मला ठाऊक आहे. तुम्हाला कळू नये म्हणून मी बोलत नव्हतो."

ते लेबलावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "सांगायचं होतंस ना. पांढरं सोडलं असतं."

थोड्या वेळाने त्यांनी सुई मागितली. मी सुई आणि भिंग दिलं, पाठीशी उशी लावली. कोटाच्या लेबलातून आपलंच काम उसवायला बसले. आपलाच रफू त्यांना सापडेना. कुठला धागा तुझा आणि कुठला त्यांचा, ते त्यांनाही ओळखता येईना. एक निघाला, तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मग दमले आणि सुई परत दिली.

डोळे मिटता मिटता म्हणाले, "धाकट्याला कळव. त्याचा माल चांगला होता म्हणावं. चूक माझी झाली." मी म्हटलं, "तुमची नाही हो बाबा." पण तोवर त्यांना झोप लागली होती. उठल्यावर पुन्हा मला विचारलं, आपला कोट तयार झाला का. त्यानंतर तसं आभाळ आलेलं नाही.

त्यांनी कळवायला सांगितलं होतं, म्हणून कळवते आहे. तो धागा सोबत ठेवला आहे, पाकीट उघडताना जपून उघड.

तुझी ताई